तीन नंबर लाइनच्या हिरव्या चकत्या

कंपनीत ऑपरेटर असतात, सुपरवायझर असतात, क्वालिटीवाले असतात आणि एक रिलिव्हर असते. पहिल्या तिघांचं काम बाहेरच्या माणसाला सांगता येतं. रिलिव्हरचं सांगायला गेलं की लोक हसतात. कारण दुसरी बाई बाथरूमला गेली की तिच्या जागेवर उभं राहायचं, एवढंच ते काम. साधनाताई सहा वर्षं हेच करत होत्या, आणि त्यांना या कामाचा जेवढा अभिमान होता तेवढा साहेबलोकांना आपल्या केबिनचाही नसेल.

चाकणच्या पट्ट्यातली ही वायरिंगची कंपनी. गाडीच्या बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत वायरींचा जो जुडगा पसरलेला असतो, तो इथे बनतो. तीन नंबर लाइनवर सव्वीस बायका. समोरून मोठे उभे बोर्ड हळूहळू सरकत जातात. प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या वायरी खुंट्यांत बसवायच्या, टेप गुंडाळायची आणि बोर्ड पुढे सोडायचा. एकीला शंभर सेकंद. बोर्ड कुणासाठी थांबत नाही. पोटात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हात वर करायचा आणि रिलिव्हरची वाट पाहायची. साधनाताई यायच्या, "सोड, मी धरलं," म्हणायच्या आणि चालत्या बोर्डावरची वायर तिच्या हातातून आपल्या हातात घ्यायच्या.

वायर हातातून हातात जाताना त्या चार-पाच सेकंदांत बाई एखादं वाक्य बोलून जायची. "हे कालपासून घरी आले नाहीत, ताई." "आज कंबर फार धरलीय." "पोरीला बघायला येणारेत रविवारी." साधनाताई उत्तरात फार काही बोलत नसत. "जा, तोंडावर पाणी मार," एवढंच. पण सव्वीस जणींच्या घरांतलं काय चाललंय, कुणाची सासू दवाखान्यात आहे, कुणाचा डबा आज झालाच नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं. लाइनवर कुणी त्यांना नावाने हाक मारत नसे. ताई म्हटलं की त्याच.

मागच्या पावसाळ्यानंतर कंपनीत स्नेहल मॅडम आल्या. एचआरमध्ये, वय तिशीच्या आतबाहेर, आणि बोलणं मनापासून. कामगाराचं मन बरं असेल तर काम बरं होतं, हे त्यांचं म्हणणं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी प्रत्येक लाइनच्या तोंडाशी एक फळा लावला. फळ्यावर प्रत्येकीचं नाव, नावापुढे एक फिरती चकती. बरं वाटतंय तर हिरवा, जरा कसंतरी होतंय तर पिवळा, आज काही खरं नाही तर लाल. सकाळी आलं की आपली चकती आपण फिरवायची. "मनात असेल ते दाखवा, इथे कुणी कुणाला नावं ठेवणार नाही," असं मॅडमनी सगळ्यांना जमवून सांगितलं, आणि त्या ते खरंच मानत होत्या.

आता यात गोची कुठे होती, ते मॅडमना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या बायका लाल रंगाचं शिक्षण दहा-दहा वर्षं घेऊन आलेल्या होत्या. बाद झालेला माल लाल ट्रेमध्ये. बिघडलेल्या मशीनला लाल कार्ड. लाइन थांबली की डोक्यावर लाल दिवा. कुणाला लागलं, खरचटलं, तर सेफ्टीच्या तक्त्यावर त्या दिवसाचा चौकोन लाल. आणि लाल दिसलं की कुणीतरी कागद घेऊन येतं आणि चूक कुणाची ते शोधतं. कंपनीत पाऊल टाकल्यापासून या बायकांना एकच गोष्ट शिकवलेली होती, की लाल आपल्या नावावर येता कामा नये.

पहिल्याच आठवड्यात दीपमालाने आपली चकती लाल केली. ती बारा नंबरच्या जागेवर होती, नांदेडकडची, ठेकेदाराकडून लागलेली, आणि बाळंतपणानंतर कामावर येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. नवी असल्यामुळे म्हणा किंवा भोळी असल्यामुळे म्हणा, मॅडमचं बोलणं तिने जसंच्या तसं घेतलं.

सात वाजून दहा मिनिटांनी सुपरवायझर गणराज तिच्याजवळ 'व्हाय-व्हाय'चा कागद घेऊन हजर. हा कागद कंपनीत सगळ्यांना ठाऊक. माल बाद झाला की त्यावर पाच वेळा 'का' विचारायचं, पाच चौकोन भरायचे, आणि खाली उपाय लिहायचा. गणराज जवळच्याच कुरुळी गावचा, जुन्या घरातला, माणूस वाईट नाही. पण लाल म्हणजे कागद, एवढंच त्याला माहीत.

"लाल का?" त्याने विचारलं.

"झोप झाली नाही, सर."

"झोप का न्हाई झाली?"

"बाळ रडायलं होतं रातभर."

"का रडत व्हतं?"

दीपमालाने आजूबाजूला पाहिलं. मेंटेनन्सचे दोघं जण शेजारच्या मोटरवर काम करत होते आणि ऐकत नसल्यासारखं करून ऐकत होते. "दूध पुरंना त्याला," ती हळूच म्हणाली.

चौथा चौकोन रिकामा होता. गणराजचे कान लाल झाले होते, पण चौकोन भरल्याशिवाय कागद वर जात नाही. "का पुरंना?" त्याने कागदाकडे बघतच विचारलं. दीपमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि हात मात्र बोर्डावर वायरी लावत राहिले. शेवटी उपायाच्या चौकोनात गणराजने लिहिलं, 'ऑपरेटरला समज दिली.' दुसरं काय लिहिणार होता तो?

साधनाताई तेव्हा शेजारच्या जागेवर कुणाच्या तरी बदली उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचं डोकं फिरलं. अठरा वर्षांपूर्वी त्या भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होत्या, तेव्हा त्यांची तनुजा चार महिन्यांची होती. मालक दुष्ट नव्हता. पण प्रेस एक आणि बाई एक. छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउजच्या आत रुमालाची घडी घालून दिवस काढायचा. दीड महिन्यात दूध आटलं. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. तनुजा आता ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअर होतेय, धडधाकट आहे, पण ती गोष्ट साधनाताईंच्या मनातून गेली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली अशी, की रोज साडेनऊला आणि साडेबाराला दहा-दहा मिनिटं त्या बारा नंबरवर उभ्या राहतील, आणि दीपमालाने तेवढ्यात फर्स्ट-एडच्या खोलीत जाऊन दूध काढून तिथल्या फ्रिजमध्ये ठेवायचं. कायद्याने ही सवड तिला होतीच, कागदावर. पण जागेवर उभं राहायला दुसरे दोन हात नसतील तर कायदा काही बोर्ड थांबवत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की तीन नंबर लाइनवर पुन्हा कुणाच्या नावापुढे तो कागद येऊ द्यायचा नाही.

ही दुसरी गोष्ट करायला सोपी होती. शिफ्ट सुरू झाली की सव्वीस जणी जागेवर अडकतात, हिंडती फक्त रिलिव्हर. साधनाताई फळ्यासमोरून जाता जाता पिवळ्या-लाल दिसतील त्या चकत्या बोटाने हिरव्या करून टाकायच्या. पहिल्या दिवशी सात होत्या. पंधरा दिवसांत बायकांच्या लक्षात आलं, आणि सगळ्यांना बरंच वाटलं. ताई आपलं बघून घेतात. मग कुणी चकतीला हात लावेनासंच झालं. आणि खरं सांगायचं, तर त्या दिवसांत लाइनवर माया होती. कुणी आजारी असली तर ताईंना कळायचं, ताई मधल्या सुट्टीत दुसरीला सांगायच्या, कुणी डब्यातली भाकरी पुढे करायची, कुणी घरी जाताना औषध आणून द्यायची. सगळं कसं आतल्या आत, बाहेर कुणाला पत्ता नाही.

तीन महिन्यांनी स्नेहल मॅडम पेढ्यांचा खोका घेऊन लाइनवर आल्या. सलग तीन महिने सगळं हिरवं असलेली कंपनीतली एकच लाइन, तीन नंबर. टाळ्या झाल्या, फोटो झाला. मॅडमनी साधनाताईंचा हात हातात घेतला. "ताई, हे तुमच्यामुळे झालंय, मला सगळे सांगतात," त्या म्हणाल्या. "आता तुमची खरी गरज पाच नंबरला आहे. तिथे रोज आठ-दहा लाल असतात. एक तारखेपासून तुम्ही तिकडे जा. इथे चार नंबरची रिलिव्हर दोन्ही लाइन सांभाळेल. प्रत्येकीला ठरलेली पाच मिनिटं मिळतील. तुमच्या बायका खुशीत आहेत, त्यांना तेवढं पुरेल."

साधनाताईंच्या हातात पेढा तसाच राहिला. मॅडमच्या बोलण्यात कपट नव्हतं, बचतीचा डाव नव्हता. जिथे दुखतंय तिथे मलम पाठवायचं, इतका सरळ विचार होता. आणि दुखत नाही हे साधनाताईंनीच रोज सकाळी बोटाने लिहून दिलेलं होतं.

साडेबाराला वायर हातात देताना दीपमाला म्हणाली, "पाच मिनिटांत तर फर्स्ट-एडपर्यंत जाऊन येणंच होतंय, ताई. मी महिनाअखेर सोडते." ती रडली नाही. ठरवून टाकल्यासारखं बोलली आणि गेली.

साधनाताई थेरगावला राहायच्या. संध्याकाळी डांगे चौकात बसमधून उतरून त्या भाजी न घेताच घरी गेल्या. नवरा, रोहिदासराव, म्हणाला, "बदली म्हणजे काय कामावरून काढलं का? एवढं काय लावून घ्यायचं?" त्याला काय सांगणार? चोरी केली असती तर सांगता आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मनाशी पक्कं केलं. आज कुणाच्या चकतीला हात लावायचा नाही. फक्त आपली लाल करायची. गणराज कागद घेऊन येईल, पहिलं 'का' विचारेल, की सगळं खरं सांगून टाकायचं. त्यांनी आपल्या नावापुढची चकती लाल केली. बाकीच्या सव्वीस तशाच हिरव्या होत्या, कारण कित्येक दिवसांत त्या कुणी फिरवल्याच नव्हत्या.

आठ वाजले, नऊ वाजले. गणराज दोनदा शेजारून गेला, थांबला नाही. साडेनऊला बारा नंबरकडे जाताना साधनाताईंनी वळून फळ्याकडे पाहिलं. त्यांची चकती हिरवी होती.

फळ्याच्या सगळ्यांत जवळ एक नंबरवर विजयश्री उभी असते. तिने साधनाताईंना पाहिलं आणि मान तिरकी करून हसली. "आम्ही फिरवली, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमची चकती अशी लाल कशी राहू देऊ? तीन महिने तुम्ही आमचं केलंत, एक दिवस आम्ही तुमचं केलं."

साधनाताईंना तिथेच भरून आलं. इतकं प्रेम त्यांना माहेरीही मिळालं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की आता तोंड उघडायची वाटच उरली नाही. एखाद्या आजाऱ्याला सगळ्यांनी मिळून पांघरुणं घालत जावं आणि कुणी वैद्याला बोलवू नये, तसलं हे प्रेम होतं. आणि ते त्यांनीच शिकवलं होतं.

त्या बारा नंबरवर गेल्या. दीपमालाच्या हातातली वायर घेतली. दीपमाला फर्स्ट-एडकडे गेली. साधनाताईंनी समोरचा बोर्ड पूर्ण केला, वायर नीट बसली आहे ना ते अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि डोक्यावरची दोरी ओढली.

दोरी ओढली की लाइन थांबते, लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. सहा वर्षांत साधनाताईंनी दोरीला हात लावला नव्हता. सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या. गणराज धावत आला.

"काय झालं? वायर उलटी बसली का?"

"वायर बरोबर आहे."

"मंग दोरी कशाला वढली, ताई?"

"फळा चुकलाय, भाऊ. माझी चकती लाल आहे. आणि तीन महिन्यांत जे हिरवं दिसलं, ते सगळं माझ्या हाताने केलेलं आहे. खोटं आहे."

गणराजने आधी दिव्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला. मग अगदी जवळ येऊन म्हणाला, "आवं ताई, हे आसलं बोलू नगा. रेकॉर्डमधी फेरफार म्हंजे नोकरी जाती. आमी काय आयकलं न्हाई. टेपचं रीळ संपलं व्हतं, आसं लिवतो कारण. करा सुरू लाइन."

चांगला माणूस. तोही पांघरूणच घेऊन आला होता. साधनाताईंना हसू आणि संताप एकदमच आला. "रीळ नका लिहू," त्या म्हणाल्या. "मी बोलले तेच लिहा."

अकरा वाजता त्या स्नेहल मॅडमच्या टेबलासमोर बसलेल्या होत्या, शेजारी गणराज उभा. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. "तीन महिने मी हा फळा सगळ्यांना दाखवतेय," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला, ताई. मला का नाही सांगितलंत?"

"दीपमालाने सांगितलं होतं," साधनाताई म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात. तिचा कागद मागवा."

फाइल आली. मॅडमनी तो कागद वाचला. पाच 'का' वाचले, खालचा उपाय वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. "हा फॉर्म फळ्यासाठी वापरा, असं कुणी सांगितलं होतं?" त्यांनी गणराजला विचारलं.

"वापरू नका, आसंबी कुनी सांगितलं न्हाई, मॅडम," गणराज म्हणाला. "लाल दिसलं की आमी ह्योच भरतो."

मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवला. हा कागद पुन्हा कुठल्याही फळ्याजवळ दिसणार नाही, असं त्या गणराजला म्हणाल्या. साधनाताईंना लेखी ताकीद द्यावीच लागेल, असंही म्हणाल्या. ताकीद देणं योग्यच होतं असं साधनाताईंना वाटलं, आणि त्यांनी मुकाट सही केली.

"बदलीचं काय, मॅडम?"

"माझ्या हातात दाखवायला काही नाही ना, ताई. तीन महिन्यांचं सगळं खोटं निघालं. सोमवारी फळा बघते. बायकांनी स्वतः लावलेले रंग. तुम्ही कुणाच्या चकतीला हात लावायचा नाही. सोमवारीही सगळं हिरवंच असेल, तर तुम्हाला इथे ठेवायला मी काय कारण देऊ? हा कागद तर तीन महिन्यांपूर्वीचा. आज कुणाला नेमकी काय अडचण आहे, ते तुम्हीच सांगा ना."

साधनाताईंच्या ओठांवर दीपमालाचं नाव आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "ते जिचं तिने सांगायचं, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर पुन्हा माझंच बोट."

शनिवारी वायर देता-घेताना त्यांनी दीपमालाला एवढंच सांगितलं, की आता तो कागद येणार नाही. दीपमालाने विचारलं, "आणि आलाच तर?"

"आला तर मी शेजारी असेन. पण बोलायला तुलाच लागेल."

दीपमालाने वायर त्यांच्या हातात सोडली आणि ती फर्स्ट-एडकडे वळली.

सोमवारी पावणेसातला साधनाताई फळ्यापाशी होत्या. सकाळचा व्यायाम झाला, सूचना झाल्या, बायका रांगेने आत आल्या. विजयश्रीने चकतीकडे पाहिलं, बोट पुढे केलं, मागे घेतलं आणि हिरवीच ठेवून गेली. तिच्यामागची गेली. तिच्याही मागची गेली. ज्यांच्या घरी काय चाललंय ते साधनाताईंना दिवस-वारासकट माहीत होतं, त्या सगळ्या हिरव्यावर हिरवं ठेवून गेल्या. दीपमालाही आली. तिने फळ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ बारा नंबरवर जाऊन उभी राहिली.

साधनाताईंचा हात आपोआप उचलला गेला. दीपमालाच्या चकतीपर्यंत गेला. एक बोट, एक वळसा, लाल. तिच्या भल्याचंच होतं. या खेपेला तर खरंही होतं. मॅडमना कळलंही नसतं, आणि ती दहा मिनिटं वाचली असती. बोट चकतीला टेकलं. मग त्यांनी तो हात मागे घेतला, ॲप्रनच्या खिशात घातला आणि खिशातच मूठ आवळून धरली. आयुष्यात इतकं जड काम आपण केलं नाही, असं त्यांना वाटलं.

भोंगा झाला आणि बोर्ड सरकायला लागले. साधनाताई लाइनच्या कडेने चालत गेल्या. बारा नंबरपाशी आल्या तेव्हा दीपमालाने हात वर केलेला होता. सात वाजून दोन मिनिटांनी!

"सोड, मी धरलं," साधनाताई म्हणाल्या. "काय गं?"

"आले," एवढंच बोलून दीपमाला मागे वळली.

बोर्ड आला. साधनाताईंनी निळी वायर घेतली, खुंटीत बसवली. पाठीमागे विजयश्री "अगं, अगं, लाल कशाला करतेस?" म्हणाली. मग गणराजच्या बुटांचा आवाज जवळ आला. तो फळ्यापाशी थांबला असावा. काय विचारावं ते त्याला सुचत नसावं, कारण हातात कागद नव्हता. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "काय पायजे तुला, दीपमाला?"

"दहा मिनिटं," दीपमाला म्हणाली. आवाज पाच नंबर लाइनपर्यंत जाईल इतका मोठा होता. "दिवसातून दोन वेळा. लेकरासाठी दूध काढायला. साधनाताई इथं राहिल्या तरच जमतंय मला, न्हाईतर नोकरी सोडावी लागतीय."

मग गणराज म्हणाला, "बरं. मॅडमला बोलावतो. तू हितंच थांब."

साधनाताईंनी वळून पाहिलं नाही. पुढचा बोर्ड समोर आला होता. त्यांना रडू येत होतं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. वायरी मात्र एकही न चुकता बसत होत्या.